जोड न ठेवलेली भिंत

माझ्या धाकट्या भावाने जन्मात कधी घमेलं उचललं नाही. वडील गवंडी होते, पण पोराच्या नखात सिमेंट जाऊ नये ही त्यांची काळजी. लाडाने त्याला ‘साहेब’ म्हणायचे. पोरीच्या नखांची चिंता कुणालाच नव्हती. शाळा सुटली की मी वडिलांच्या कामावर जायची, रेती चाळायची, माल कालवायची आणि ते परांचीवर चढले की खालून घमेलं द्यायची. साहेब घरी अभ्यास करायचे. अभ्यास कसला, झोपा काढायचे.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याविषयी वाईट बोलले तर कुणी कारण विचारायला नको.

घर वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. बैठं, रस्त्याला लागून. जाण्याआधी दोघांत वाटून दिलं. डावा अर्धा माझा, उजवा त्याचा. आतून मधोमध विटांची भिंत घातली, पण बाहेरून ते एकच घर राहिलं. दोन दारं, दोन खिडक्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग भिंत. नवरा गेल्यापासून मी इथेच आहे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागे स्वयंपाकघर. या अर्ध्या घराशिवाय मला जायला दुसरं दार नाही.

एका दुपारी गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा सुटला आणि रस्त्याने जाणाऱ्या एका बाईच्या पायापुढे फुटला. तिने पालिकेत तक्रार केली. तिच्या जागी मी असते तर मीही केली असती. आठवड्यात नोटीस आली. दर्शनी भिंत धोकादायक आहे, महिन्याभरात दुरुस्त करा, नाहीतर घर रिकामं करा.

नोटीस घेऊन मी शेजारचं दार वाजवलं. साहेब पाय पसरून पेपर वाचत होते.

“जुनं घर आहे, ताई. कधीतरी पडायचंच.”

“पडलं तर तुला सासऱ्यांचा फ्लॅट आहे. मी कुठे जाऊ?”

“ते मी कसं सांगणार? मी आपला माझं सांगतो. मी या भिंतीला बोटही लावणार नाही.”

“लावायला येतंय कुठे तुला?”

आतून भावजयीने टीव्हीचा आवाज वाढवला. बोलणं संपलं.

मी ठरवलं, आपला अर्धा आपण करायचा. भिंतीच्या बरोबर मध्यावर कोळशाने वरपासून खालपर्यंत रेघ मारली. वडिलांची छिन्नी-हातोडी काढली, तोंडाला फडकं बांधलं आणि सुरुवात केली. जुना गिलावा आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायचा. टणक वाजला तर धरून आहे, बद्द वाजला तर आतून सुटलाय. आमची भिंत सगळीच बद्द वाजत होती, घरातल्या माणसांसारखी. सकाळी शिवण, दुपारनंतर तोडफोड. हातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. रेघेपाशी पोचले की मी छिन्नी उलटी धरायची, त्याच्या बाजूचा कपचाही उडता कामा नये म्हणून. उद्या म्हणाला असता, माझी भिंत खरवडली.

साहेब रोज संध्याकाळी खुर्ची बाहेर टाकून बसायचे. उंटावरचा शहाणा.

“ताई, तिथे वर राहिलंय.”

“डोळे चांगले आहेत तुझे. हातांचं काय झालं?”

पंधराव्या दिवशी पालिकेचा माणूस बघायला आला. तरुण होता, सभ्य होता, त्यामुळे जास्तच राग आला.

“बाई, हे अर्धंच का?”

“अर्धंच माझं आहे.”

“कागदावर घर एक आहे, नंबर एक आहे. पूर्ण भिंत झाली तरच मी शेरा देणार. अर्ध्या भिंतीला अर्धा शेरा नसतो.”

म्हणजे साहेबांच्या हट्टापायी माझं घर जाणार. त्या संध्याकाळी मी खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. विनंती करायला जीभ वळत नव्हती, तरी वळवली.

“तुझ्याही बाजूचं मी करते. फक्त नाही म्हणू नकोस.”

त्याने पेपराची घडी घातली. भावजयीकडे बघितलं. तिने मान डोलावली.

“कर,” तो म्हणाला. “पण करणार असशील तर नीट कर. बाबांसारखं.”

साहेबांना बाबांचं काम आठवलं, तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते. पण मला वाटलं, मी जिंकले.

वडिलांचा एक नियम होता. भिंतीच्या मध्यावर हात थांबवायचा नाही. थांबायचं तर कोपऱ्यावर. आजचा गिलावा सुकला आणि उद्याचा त्याला येऊन चिकटवला, की तिथे जोड राहतो. रंगाखाली तो लपतो, पण पाणी त्याला बरोबर शोधून काढतं. दिवस मावळत आला तरी ते परांचीवरून उतरायचे नाहीत. “भिंतीला जोड ठेवणारा गवंडी नाही, तो शिंपी,” असं म्हणायचे. पुढे मी शिवणयंत्र घेतलं, त्यावर त्यांना काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्याची बाजू फोडायला मला आठ दिवस लागले. मग एक दिवस गिलाव्याचा ठरवला. रेती आदल्या दिवशी चाळून ठेवली, विटांवर पाणी मारून ठेवलं. उजाडता उजाडता माल कालवला आणि डाव्या कोपऱ्यातून निघाले. करणीने माल मारायचा, पट्टीने ओढायचा, रंध्याने घोटायचा. स्टुलावर चढ, उतर, घमेलं भर, पुन्हा चढ. दुपारी माझी बाजू झाली आणि कोळशाची रेघ आली. फोडलेल्या विटांवर मी ती पुन्हा मारून ठेवली होती. सवय, दुसरं काय.

खांदा बधिर झाला होता. तिथे थांबले असते तर हात धुऊन जेवले असते. पण कडा ओली होती. मी मालाचा पुढचा गोळा त्या रेघेवरच मारला आणि पुढे गेले.

साहेब खुर्चीत होते. “इथे फुगवटा वाटतोय.”

मी पट्टी लावून दाखवली. केसाएवढी फट नव्हती. त्याला नाव ठेवायला जागाच ठेवायची नाही, या ईर्ष्येने मी पेटले होते. माझ्या बाजूला रंधा दोनदा फिरवला, त्याच्या बाजूला तीनदा. त्याच्या खिडकीच्या कडा तर मी चमच्याने घोटून काढल्या. अंधार पडायच्या आत उजव्या कोपऱ्यावर पोचले आणि खाली बसले. बोटं मिटत नव्हती. भावजयीने दारातून पाण्याचा तांब्या पुढे केला. तेवढी माणुसकी तिच्यात होती, हे नाकारत नाही.

पाचव्या दिवशी पालिकेचा माणूस आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेला आणि म्हणाला, “कुणाकडून करून घेतलंत?” मी हात दाखवले. त्याने तिथेच शेरा मारला. घर सुरक्षित. मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. घर राहिलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी मी भिंतीला पाणी मारत होते, तर साहेबांच्या दारात एक जोडपं उभं. साहेबांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. ते त्या बाईला खिडकीची कड दाखवत होते, मी चमच्याने घोटलेली.

“बघा फिनिशिंग. नोटीस होती म्हणून इतके दिवस व्यवहार अडला होता. आता शेरा मिळालाय.”

पाण्याची नळी माझ्या हातातच राहिली. ते दोघं आत गेले, तेव्हा मी त्याला गाठलं.

“विकतोयस?”

“विकलं म्हण. पुढच्या महिन्यात आम्ही फ्लॅटवर जातोय.”

“कधीपासून ठरलंय?”

“नोटिशीच्या आधीपासून. नोटीस आली आणि सगळं अडकलं. गवंडी लावायचा तर कटकट. मग तूच सुरू केलंस. मला वाटलं, ताईचा हात बाबांचा आहे.” तो हसला. “खोटं बोललो का? बोट लावणार नाही म्हणालो होतो. लावलं?”

मी घरात गेले आणि हातोडी घेऊन आले.

त्याच्या खिडकीखाली उभी राहिले आणि हात उचलला. साहेबांचा रंग उडाला. “ताई, वेडी आहेस का? लोक आहेत आत!” तो दोन पावलं मागे सरकला, मध्ये मात्र पडला नाही. शर्टाला धूळ लागली असती.

कुठे मारायचं ते मी बघू लागले. माझी बाजू सोडून मारायचं होतं. डावा हात भिंतीवर फिरवत मी मध्य शोधला. इथे रेघ होती. की इथे? वर पाहिलं, खाली पाहिलं, ओल्या भिंतीला गाल लावून तिरकं पाहिलं. कुठेच काही नव्हतं. माझी बाजू कुठे संपते, तेच मला सापडेना. सात दिवसांचा कच्चा गिलावा, एक घाव घातला असता तर तडा सरळ माझ्या दारापर्यंत आला असता. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी हातोडी खाली ठेवली. त्याला वाटलं, मला पाझर फुटला. “बस ताई, पाणी आणू?” म्हणाला.

“निघ इथून,” मी म्हणाले. “त्या लोकांना सांग, तुझा हात कधी या भिंतीला लागला नाही. निदान एवढं तरी खरं सांग.”

त्याने सांगितलं नसणार.

नव्या गिलाव्याला दहा दिवस पाणी लागतं. अर्ध्यालाच मारलं तर कोरडा अर्धा ओल्याला ओढतो आणि सगळीच भिंत तडकते. उरलेले तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत पाणी मारलं. त्याच्या खिडकीखाली आले की शिव्या द्यायची, आत ऐकू जातील अशा. पण पाणी मारायची.