वरची ओळ

आमच्या आर्सेसिओची कुणी तारीफ केली की त्याची मान इतकी ताठ होते, की टोपी मागे पडते. गेली कित्येक वर्षं या मळ्यात सगळ्यात जास्त कॉफी तोच तोडतो. आणि आमच्याकडची रीत अशी, की गेल्या हंगामात जो पहिला आला त्यानं रोज सकाळी आपली ओळ आधी निवडायची; मग उरलेल्या ओळी मुकादम वाटून देणार. म्हातारा काय निवडणार? ओढ्याकाठची. तिथं ऊन आधी पोचतं, फळं लालबुंद, फांद्या भारानं वाकलेल्या. मी त्याची बायको, म्हणून शेजारची ओळ माझी. त्याच्या पुण्याईवर मीही खाते, खोटं कशाला बोलू?

या हंगामात नोएलिया आली. नवरा दरडीखाली गेलेला, लहानगी पोर गावाकडे आजीपाशी. नवी म्हणून तिच्या वाट्याला रोज वरची ओळ. कड्यालगतची, केळीच्या गर्द सावलीतली, दुपारपर्यंत धुक्यात. सगळी फळं हिरवी, त्यात लाल शोधत फिरायचं. मजुरी किलोवर. त्यात मुकादम एवेलियोनं बजावून ठेवलेलं, की या शनिवारच्या वजनात जो शेवटचा येईल त्यानं बोचकं बांधायचं, मोठ्या तोडणीला तो नको. आणि मोठ्या तोडणीच्या पैशावरच तर नोएलियाला पोरीला इथं आणायचं होतं. मजुरांच्या खोलीत माझ्या शेजारच्या बाजेवर ती पोरीचा फ्रॉक उशाशी घेऊन निजायची. माझा जीव तुटायचा अगदी.

आर्सेसिओचं मात्र जेवताना तेच पालुपद. झाडांना नावं ठेवू नयेत, हात हलवावेत. ती बिचारी मान खाली घालून अरेपा, आमची ती मक्याची जाड भाकरी, चावत बसायची.

शुक्रवारी नको ते घडलं. वजनाच्या वेळी मुकादमानं तिची टोपली ताडपत्रीवर उपडी केली, तर वर लाल आणि तळाशी हिरवी फळं. सगळ्यांदेखत एकेक हिरवं फळ तिला वेचून बाजूला काढायला लावलं. तिचे कान लाल झाले होते. तेवढ्यात आमचे शहाणे बोललेच.

"माझे हात तुटले तरी हिरवं फळ माझ्या टोपलीत जायचं नाही."

मग माझं डोकंच फिरलं. खोलीत आल्यावर त्याला असा फैलावर घेतला की शेजारच्यांनी जेवणं थांबवली. म्हटलं, उद्या तू वरची ओळ घे. एक दिवस. मग काय अक्कल शिकवायची ती शिकव. त्याला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! सकाळी मुकादमाला म्हणाला, मला वरची, आणि माझी ओळ नोएलियाला दे; बघू काय दिवे लावते ती.

मी दिवसभर वर बघत होते. धुक्यात टोपीसुद्धा दिसेना. इकडे नोएलियाचे हात असे चालत होते की मलाच मागं टाकून पुढं गेली बाई.

संध्याकाळी म्हातारा सगळ्यांच्या शेवटी उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी काखेत. नोएलियाची टोपली शिगोशीग भरलेली, आणि तिच्यात एक फळ हिरवं नाही. आर्सेसिओची अर्धीच. मुकादमानं न तपासता ती काट्याला लावायला उचलली. आर्सेसिओची टोपली कोण तपासतो? पण त्यानंच मुकादमाचा हात धरला आणि आपल्या हातानं टोपली ताडपत्रीवर उपडी केली. तळाशी हिरवी फळं होती.

कुणी हसलं नाही. तो खाली बसला आणि एकेक हिरवं वेचून बाजूला टाकू लागला. बोटं सोललेली होती. नोएलियाकडे न बघताच म्हणाला, "पोरी, दुपारपर्यंत धीर धरला मी. मग हात आपोआप तिकडं गेले. काल बोललो ते चुकलं माझं."

उरलेल्याचं वजन झालं. सगळ्यात कमी तोच. तो उठला, हात झटकले आणि मुकादमाला विचारलं, "शेवटचा मी. बोचकं बांधू?"

एवेलियो ओशाळला. "काहीतरीच काय काका! तुमचा काय दोष त्यात? ती ओळच तशी आहे."

हे त्याच्या तोंडून निघून गेलं. नोएलिया तिथंच उभी होती. तिच्याकडे नजर गेल्यावर एवेलियोला आपण काय बोललो ते कळलं. बराच वेळ तो काट्याशी उगाच चाळा करत राहिला. मग म्हणाला, कुणी जायचं नाही.

माझ्या डोळ्यांना धार लागली. त्या रात्री त्याच्या बोटांना मी तूप चोळलं, तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला, "मला वाटायचं, सगळं या हातांचंच आहे गं."

"हात चांगलेच आहेत तुझे," मी म्हटलं. "पण ओढाही होता."

सोमवारपासून ओळींच्या चिठ्ठ्या पडू लागल्या, त्याही त्याच्याच टोपीत. आणि माझं नशीब बघा, पहिल्याच दिवशी वरची ओळ माझ्या वाट्याला! शिव्या घालत चढले. ऊन वर आलं तेव्हा केळीतून धापा ऐकू आल्या. आपली तोडणी सोडून म्हातारा गुळाच्या गरम पाण्याचा डबा घेऊन वर आला होता. डबा माझ्या हातात दिला, फांदी खाली वाकवून धरली आणि विचारलं, "एखादं तरी लाल आहे का गं?"