सरड्या रंगाची गाडी

पंचवीस वर्षांत महेश्वर बिराजदारच्या स्टुडिओत माणसं नाना तऱ्हेचे फोटो काढून घ्यायला आली होती. पासपोर्ट, साखरपुडे, जावळं, पोळ्याला सजवलेले बैल. एका इच्छुक उमेदवारानं तर 'शेतकऱ्याचा पुत्र' म्हणून स्टुडिओतल्या पंख्याखाली नांगर धरून फोटो काढून घेतला होता आणि नांगर कसा धरतात ते महेश्वरलाच विचारलं होतं. पण गाडीचा शेवटचा फोटो काढा, असं म्हणत आजवर कुणी आलं नव्हतं.

"शेवटचा म्हणजे काय, चाचा?"

"म्हणजे उद्या दुपारी मी तिला घासायला घेणार, अण्णा. पांढरी करायची आहे." हुसेनसाब खुर्चीवर बसले नाहीत. चौसष्ट वर्षांपैकी पन्नास वर्षं गाड्या रंगवण्यात गेल्यामुळे कुठल्याही खुर्चीला आपल्या पँटचा रंग लागेल, ही धास्ती त्यांना कायमची बसली होती. "त्याच्याआधी फोटो पाहिजेत. चांगले. तौसिफनं केलेली गाडी आहे."

तौसिफ म्हणजे त्यांचा मुलगा. सव्वीस वर्षांचा. मार्चमध्ये मोहोळच्या अलीकडे मोटारसायकलवरून पडला आणि तिथंच गेला. त्याच्या खिशातला मोबाइलही त्याच्याबरोबर गेला, म्हणजे त्याचा चुरा झाला. गाडीचे जे काही फोटो होते ते त्यात होते.

गाडी टेंभुर्णीच्या आबासाहेबांची. खरं तर त्यांच्या मुलाची, शिवराजची, पण कागद आबासाहेबांच्या नावावर असल्यामुळे मत आबासाहेबांचं. शिवराजनं कुठंतरी रंग बदलणारी गाडी पाहिली आणि तौसिफला म्हणाला, अशी करशील का? तौसिफनं व्हिडिओ बघून बघून, कुठूनशी पावडर मागवून, महिनाभर खपून ती केली. समोरून जांभळी, बाजूनं हिरवी, आणि खाली बसून बघितली तर तांबूस. सगळा विजापूर रोड बघायला आला. शिवराजनं रील टाकलं.

एका हवालदारानंही ते रील बघितलं आणि दुसऱ्या दिवशी चौकात गाडी बरोबर ओळखली. तेव्हा आबासाहेबांनी रील काढायला लावलं.

"हुसेनसाब, लई झालं बगा आता," आबासाहेब फोनवर म्हणाले होते. "कागदावर पांढरी, समोरनं जांभळी, बाजूनं हिरवी. परवा हवालदार म्हनला, आबासाहेब, एकच गाडी हाय का मागनं दुसरी येतीया? आता काय सांगावं मानसानं? पांढरी करून द्या. आन् तुमीच करा. तुमच्यावानी हात न्हाय कुनाचा."

आबासाहेब वाईट माणूस नव्हते. मयतीला आले होते, हुसेनसाबांना कवटाळून रडलेही होते. हे काम दुसऱ्या गॅरेजला न देता त्यांनाच द्यावं, तेवढाच म्हाताऱ्याला हातभार, असा त्यांचा प्रामाणिक विचार होता. मुलाची शेवटची कारागिरी बापाच्या हातानं खरवडून काढायला लावतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं. हुसेनसाबांनी ते लक्षात आणून दिलं नाही. 'देतो करून' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला महेश्वर कॅमेरा घेऊन गॅरेजवर पोचला. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी होती आणि हुसेनसाब तिला पुसत होते. दुपारी जिची साल काढायची तिला माणूस इतक्या निगुतीनं पुसतो, हे बघून महेश्वरनं उगाच कॅमेऱ्याची पट्टी नीट केली.

"धूळ नको फोटोत," हुसेनसाब म्हणाले.

एरवी गाडीचा फोटो म्हणजे नवरदेवाच्या मागे, फुलं चिकटवलेली, अर्धी कापलेली. नुसती गाडी समोर ठेवून महेश्वर पहिल्यांदाच उभा होता. त्यानं समोरून एक काढला. जांभळी. दोन पावलं डावीकडे सरकला तर बॉनेटवरचा जांभळा ओघळून निळा झाला होता. आणखी दोन पावलं टाकली तर दाराच्या काठानं हिरवा डोकावायला लागला. तो मागे गेला, पुढे आला. एक्कावन्नाव्या वर्षी, डॉक्टरांनी गुडघे जपायला सांगितलेले असताना, तो जमिनीवर पालथा पडला.

"अण्णा, शर्ट!"

"जाऊ द्या हो शर्ट. गाडी जरा मागं घ्या. वीतभर. बास, बास, बास!"

हुसेनसाब गाडी वीतभर मागे घेत, वीतभर पुढे घेत. मग उतरून त्यांनी महेश्वरला दंडाला धरून मागच्या डाव्या चाकाजवळ नेलं.

"इथं बसा. उकिडवं. तौसिफ इथं बसायचा. रंग वाळत होता तेव्हा इथंच बसून चहा प्यायचा."

महेश्वर बसला. आणि खरंच, तिथून दारावर तिन्ही रंग एका ओळीत दिसत होते. खाली तांबूस, मध्ये हिरवा, वर जांभळा, आणि कुठला कुठं संपतो ते सांगता येत नव्हतं. त्यानं श्वास धरून बटण दाबलं.

"तुम्हाला दाखवलं होतं का त्यानं, इथून?"

"बोलवत होता. अब्बा, एकदा बसून बघा, म्हणत होता." हुसेनसाबांनी हातातलं फडकं उलटं करून घडी घातली. "मी म्हटलं, रंग बघायला बसावं लागतं तो रंग कसला? रंग एक असतो. हा रंग नाही, नखरा आहे. आठ दिवस बोलत नव्हतो आम्ही. मग गाडी गेली टेंभुर्णीला. ती आता आली परत, तेव्हा बसलो."

महेश्वरनं सगळे फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना दाखवले. निवडून निवडून बारा ठेवले. चाकाजवळचा फोटो बघताना हुसेनसाबांनी चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर आणला.

"आलंय ना सगळं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मग मी घासायला घेतो."

"आलंय, चाचा. तुम्ही बिनघोर घ्या."

हे वाक्य महेश्वरला पुढे फार दिवस ऐकू येत राहिलं.

स्टुडिओत आल्यावर त्यानं फोटो संगणकावर घेतले. दुपारी बारशाचं काम होतं आणि कॅमेऱ्याचं कार्ड एकच मोकळं करण्यासारखं होतं, म्हणून घाईही होती. आता महेश्वरच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाच्या अल्बमबद्दल सोलापुरात सगळ्यात जास्त तक्रार कशाची येते? नवरी काळी आली याची नव्हे, तो प्रश्न कधीच सोडवलेला आहे. तक्रार येते शालूची. मांडवात लाल, स्टेजवर मरून, जेवणाच्या पंगतीत केशरी. मुलीची आई अल्बम उघडून म्हणते, आम्ही एकच शालू घेतला होता, तीन कुठून आले? एकीनं तर विहिणीवर संशय घेतला होता. तेव्हापासून महेश्वरनं संगणकात एक सोय करून ठेवली होती. फोटो आत आले की ते एका दिवसातले, एका वस्तूचे आहेत हे ओळखून संगणक सगळीकडचा रंग एकसारखा करायचा आणि मूळ फोटोच्या जागीच नवा ठेवून द्यायचा. डिस्क भरू नये म्हणून ही जागीच ठेवण्याची काटकसरसुद्धा महेश्वरचीच. गेल्या सहा वर्षांत एकही शालू बदलला नव्हता. त्या सोयीचा त्याला अभिमान होता.

त्यानं बारा फोटो आत घेतले, सवयीनं दोन बटणं दाबली, कार्ड पुसून मोकळं केलं आणि बारशाला गेला. तिथं त्यानं सहाशे चाळीस फोटो काढले.

संध्याकाळी प्रिंटला टाकण्याआधी त्यानं गाडीचे फोटो उघडले. समोरून निळी. बाजूनं निळी. चाकाजवळून निळी. बाराही फोटोंत एक चांगली, नीटस, निळी गाडी उभी होती. संगणकानं चूक ओळखली होती आणि ती दुरुस्त केली होती.

महेश्वरनं आधी पडद्याला दोष दिला. मग पडद्याची वायर काढून परत लावली. मग कार्ड कॅमेऱ्यातून काढून, पुसलेले फोटो परत आणतो म्हणणारा एक प्रोग्राम त्यावर चालवला. प्रोग्रामनं तीन तास घेतले आणि बारशातल्या आत्याबाईंचे एकेचाळीस फोटो परत आणून दिले, जे मुळात गेलेच नव्हते.

सकाळी उठल्या उठल्या त्यानं फोन लावला.

"चाचा, गाडी आहे ना?"

"आहे की. कुठं जाते?"

"नाही, म्हणजे... रंग?"

"काल घासून झाली सगळी. प्रायमर मारलाय. तुम्ही म्हणालात ना, आलंय म्हणून." पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. "एक सांगू का अण्णा, एवढे रंग होते अंगावर, पण घासताना पाणी राखाडीच निघालं. नुसतं राखाडी."

महेश्वर बरं म्हणाला. शिवराजला फोन करून झाला. त्याच्याकडे एक फोटो निघाला, पण त्यात शिवराज गाडीला टेकून उभा होता आणि गाडीपेक्षा गॉगल जास्त आला होता. त्यातून जे काही दिसत होतं ते पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली करडं दिसत होतं.

दोन दिवस महेश्वरनं खटपट केली. एका फोटोत हातानं हिरवा भरून बघितला. तो इतका चांगला जमला की त्याचीच त्याला शिसारी आली. त्यानं तो पुसला. शेवटी बाराही निळे फोटो, आहेत तसेच, चांगल्या कागदावर छापले आणि तो गॅरेजमागच्या खोल्यांत, हुसेनसाबांच्या घरी गेला. जाताना वाटेत तीन वाक्यं तयार केली होती. दाराशी चप्पल काढेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही.

हुसेनसाब चटईवर बसून एकेक फोटो बघत गेले. चौथ्या फोटोनंतर ते पहिल्याकडे परत आले. मग चाकाजवळचा काढून वेगळा ठेवला.

"हा तौसिफच्या जागेवरचा?"

"हो."

"यात हिरवा नाही."

"नाही."

"तांबूस पण नाही."

महेश्वरनं सगळं सांगितलं. शालू, मुलीच्या आया, संगणकाची सोय, बारसं, कार्ड. स्वतःच्या तोंडून ऐकताना त्याला ते एखाद्या दुसऱ्याच मूर्ख माणसाचं वाटत होतं आणि दुर्दैवानं तो माणूस ओळखीचा होता. महेश्वरला वाटलं, हुसेनसाब ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सगळ्यांचंच असं करता?" त्यांनी विचारलं. एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं.

"लोकांना एकच रंग लागतो, चाचा. वेगवेगळा दिसला की बिघडलंय म्हणतात."

"बरोबर आहे," हुसेनसाब म्हणाले. "मी पण त्याला तेच म्हटलं होतं."

महेश्वरनं हात जोडले, मग तेही बरं दिसेना म्हणून मांडीवर ठेवले.

आतून गुलबानो चहा घेऊन आल्या. हुसेनसाबांची बायको. मार्चपासून त्या उंबऱ्याबाहेर फारशा आल्या नव्हत्या. त्यांनी कप ठेवले, एक फोटो उचलून उजेडाकडे धरला आणि चांगली आली म्हणाल्या. नवऱ्यानं त्यांना काही सांगितलं नाही. हुसेनसाबांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि चाकाजवळचा फोटो पालथा घातला.

"अण्णा, तुम्ही बघितलाय. सांगा. खाली तांबूस होता?"

"तांबूस. हँडलच्या खालपर्यंत."

"हँडलपर्यंत नाही. त्याच्या चार बोटं खाली. हँडलवर हिरवा होता."

"हँडलवर जांभळा सुरू झाला होता, चाचा. मी भिंगातून बघितलंय."

"मी हातानं घासलंय."

फोटो काढून चार दिवस झाले नव्हते अजून. महेश्वरनं डोळे मिटून दार आठवायचा प्रयत्न केला आणि त्याला बारा निळी दारं दिसली. त्यानं घाईनं डोळे उघडले.

"हिरवा असेल," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तर हिरवाच."

"असेल नको. काय होतं ते सांगा."

"आता नाही सांगता येत."

हुसेनसाबांनी मान हलवली. पेन कागदाला टेकलेलं तसंच राहिलं, तिथं शाईचा ठिपका जमायला लागला. मग त्यांनी बायकोकडे बघितलं.

"तू देखी थी ना गाडी? कैसी थी?"

गुलबानो दाराच्या चौकटीला टेकल्या. फोटो अजून त्यांच्या हातात होता.

"मैं कां बाहर आयी," त्या म्हणाल्या. "लेको जा रा था ना शाम को, तब यईंच से देखी. अंधेरा पड़ रा था. मेरेकू तो काली दिखी." मग महेश्वरकडे वळून मराठीत म्हणाल्या, "संध्याकाळी तो घेऊन निघाला ना, इथूनच बघितली. काळी दिसली, भाऊ. त्याला म्हटलं मी, अरे काळीच तर आहे, एवढा महिना काय केलास? हसला तो."

महेश्वरला माहीत होतं की त्या रंगाच्या तळाशी काळाच थर असतो आणि उजेड गेला की तेवढाच उरतो. हुसेनसाबांना तर ते जास्तच माहीत असणार.

हुसेनसाबांनी फोटोच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सावकाश, शाळा सुटून पन्नास वर्षं झालेल्या हातानं. दोन ओळी झाल्या. मग थोडं थांबून तिसरी. त्यांनी हिरवा लिहिला, की जांभळा, की काळा, हे महेश्वरला वाचता येत नव्हतं आणि विचारायची त्याला हिंमत झाली नाही. लिहून झाल्यावर त्यांनी शाईवर फुंकर घातली आणि पुढचा फोटो पालथा घातला.

"चहा घ्या, अण्णा," ते म्हणाले. "अजून अकरा आहेत."