फाटक्या कपड्यांची ट्रंक

देणगीदार यायचे असले की बालगृहाच्या कार्यालयातून ती लोखंडी ट्रंक बाहेर निघे. आत काय? तर विटलेले, फाटलेले कपडे! मुलींनी ते घालून ओळीत उभं राहायचं आणि गाणं म्हणायचं, अशी रीतच पडली होती. व्यवस्थापक दुष्ट नव्हते, बरं का. संस्था चालवायची तर हात पसरावाच लागतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

एक डॉक्टरीणबाई संस्था बघायला यायच्या होत्या, त्या सकाळी मात्र शिवण शिकवणाऱ्या बाईंचं डोकं फिरलं. मुलींनी आपल्या हातांनी शिवलेले फ्रॉक त्याच दिवशी पहिल्यांदा घातले होते. धाकट्या चिमणीने तर आपल्या फ्रॉकला दोन खिसे लावले होते आणि त्यांत हात घालून ती उगाचच मिरवत होती.

"हे काढायला सांगा, बाई," व्यवस्थापक म्हणाले. "नवे कपडे बघून कोण मदत देईल?"

"पोरींनी स्वतः शिवलेत ते! चोरीचे आहेत का लपवायला?"

"अहो, दाखवायचे दात वेगळे असतात."

"हत्तीचे असतात. लेकरांना कशाला लावता?"

"कोठी रिकामी झालीय. या खिशांनी पोटं भरणार आहेत का?"

"आज नाही भरणार. पण मोठ्या होऊन इथून बाहेर पडतील तेव्हा काय, ही ट्रंक देणार सोबत?"

ट्रंक मात्र काही आत गेली नाही. कोठी खरंच रिकामी होती, म्हणून बाईंनी राग गिळला. चिमणीने निमूटपणे फ्रॉकची घडी घातली. ते बघताना बाईंना रडूच कोसळायचं बाकी होतं.

पाहुण्या डॉक्टरीणबाई आल्या. गाणं सुरू झालं, पण आवाज अर्धेच! मागच्या ओळीतल्या मुली माना खाली घालून चक्क शिवत होत्या. उसवलेलं दिसलं की आधी टाका, मग बाकी सगळं, हा बाईंचाच नियम. चिमणी शेजारणीची फाटकी बाही शिवत होती.

डॉक्टरीणबाई वाकून बघू लागल्या. "अगं, मी माणसं शिवते, पण इतके बारीक टाके मलाही जमत नाहीत! एवढं येतं, तर असे कपडे का घातलेत?"

"चांगले आहेत की आमचे. खिशांचे! तुम्ही येणार म्हणून काढायला लावले," चिमणी म्हणाली.

व्यवस्थापकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मला रडवायला पोरींना फाटकं घालायला लावलंत?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. मग म्हणाल्या, "आणि आम्ही तरी कोण मोठे! असलंच बघायला येतो ना? आजची कोठी मी भरते. पण यापुढे माझ्या दवाखान्याचे अभ्रे आणि चादरी इथून घेईन. मोठ्या मुलींनी अभ्यास सांभाळून शिवाव्यात. दाम रोख."

व्यवस्थापक चिमणीपुढे वाकले. "चुकलं माझं, पोरी. जा, तुझा फ्रॉक घालून ये."

त्या ट्रंकेत आता अभ्र्यांचं कापड असतं. फाटक्या कपड्यांची फरशी पुसायची फडकी झाली, आणि कोठी भरायला कुणापुढे गाणं म्हणावं लागत नाही.

वाचकहो, अनाथ लेकरापुढे डोळे पुसणं फार सोपं असतं. पण आपल्याला दया दाखवता यावी म्हणून त्याने जन्मभर फाटकंच राहायचं का? त्याच्या हातात हुन्नर येऊ द्या. आणि आला की कीव करू नका, त्याचं गिऱ्हाईक व्हा!