नायिकेने पुरणपोळी खाल्ली

आठ वाजले की सोनूबाई टीव्हीसमोर ठाण मांडून बसत, मग घरात कोणी आलं काय नि गेलं काय, त्यांना पत्ता नसे. सून दर्शना तोंडाने काही बोलत नसे, पण भांडी जरा जोरातच घासायची. तिच्या जिवाला घोर होता लेकीचा. सानवी पहिलीत गेली तरी अंगणवाडीतली वाटे. हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. जंतांची औषधं झाली, टॉनिकं झाली, दृष्ट काढून झाली. मुंबईहून नवरा विनीत फोनवर वजन विचारायचा, तेव्हा दर्शना विषय बदलायची.

नातीसाठी सोनूबाईंनीही कंबर कसली होती. भाताच्या पेजेत कसली आलीय ताकद, असं म्हणून त्यांनी तिची सकाळची पेज बंद केली आणि गव्हाचं सत्त्व सुरू केलं. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, वाळवायचे, मग दुधागुळात शिजवून पोरीला मांडीवर घेऊन भरवायचं. रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या त्यांच्या वाडीत अशक्त पोराला सगळे हेच देत. सानवी तोंड फिरवी. आजी म्हणे, नाटकं करते. पोरगी मात्र वाळतच चालली.

एका रात्री मालिकेतली नायिका चक्कर येऊन पडली. तिला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे, गहू तिच्या आतड्याला सोसत नाही, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. मग तिचं लहानपण दाखवलं: फुगलेलं पोट, काटकुळे पाय, आणि बळेच चपाती भरवणारी आई. सोनूबाईंनी भाग अर्धा असतानाच टीव्ही बंद केला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"गो दर्शना," त्या म्हणाल्या, "ही आपली सानवी हाय."

दर्शनाला ते खुळचटपणाचं वाटलं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांना तिने चाचरतच विचारलं. मालिकेत पाहिलं हे सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर हसले नाहीत. भात खाणाऱ्या घरात आपल्याला हे सुचलंच नाही, असं त्यांनी सरळ कबूल केलं. रक्त तपासलं, दुर्बिणीची तपासणी झाली, आणि आजार तोच निघाला. गहू जन्माचा बंद; चपाती, बिस्किटं, रवा, सगळंच.

त्या दिवशी सोनूबाई जेवल्या नाहीत. "माज्या हातानं भरवलं गो मी," एवढंच म्हणत राहिल्या. दर्शनाने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आई, ओळखलंतही तुम्हीच." त्या मालिकेचे, ती लिहिणाऱ्याचे आणि टीव्हीला चिकटून बसणाऱ्या या सासूचे उपकार कसे फेडावेत, ते तिला कळेना.

घरात पेज परत आली. सानवीच्या गालांवर हळूहळू तकाकी चढली. शिमग्याला पालखी अंगणात आली, तेव्हा शेजारच्या यमुनाबाईंनी सगळ्यांना शिरा वाटला आणि सानवीच्या हातावर वेगळं काढलेलं खोबरं-साखर ठेवलं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. तो भाग अख्ख्या वाडीने पाहिला होता, आणि सानवीची पेज परत आलेलीही. दर्शनाचे डोळे भरून आले.

मालिका मात्र तो आजार साफ विसरली. गोष्ट इस्टेटीच्या भांडणात शिरली, आणि एके दिवशी नणंदेच्या लग्नात नायिका खुशाल पुरणपोळी खाऊ लागली. दर्शनाला हसू फुटलं. सोनूबाई मात्र ताडकन उठल्या. त्या चॅनेलवाल्यांना आत्ताच्या आत्ता कळव, म्हणाल्या. शेवटी दर्शनाने चॅनेलच्या फेसबुक पानावर पाठवण्यासाठी मोबाईलवर त्यांचा आवाज घ्यायला सुरुवात केली. सोनूबाईंनी पदर सारखा केला आणि मोबाईलला हात जोडले.

"बाय माजे, तुज्यामुळं आमचं पोर वाचलं. तू ती पोळी खाऊ नको गो. भूक लागली तर आमच्याकडं ये, मी तुला तांदळाची घावनं घालीन."

दर्शनाचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिने तो निरोप पाठवला. आजीच्या मांडीवर येऊन बसलेली सानवी म्हणाली, माझ्यातलं एक घावन तिला देईन.