उपविजेता प्याला

मी एक प्याला बोलतोय. उद्या महिन्याचा पहिला रविवार, आणि मला सकाळपासून चैन नाही. फळीवर उभा आहे खरा, पण दाराची कडी वाजली तरी वाटतं, आलं कोणीतरी मला उचलायला. असं का होतं ते सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल, आणि मला दम धरवत नाही. मध्येच कुठे उडी मारली तर सांभाळून घ्या.

प्याला म्हटल्यावर चहाचा पेला समजू नका. मी बक्षिसाचा कप आहे. सुरतेत स्टेशनमागच्या एका गल्लीत पितळी पत्रा ठोकून मला घडवलं, वरून निकेलचा मुलामा दिला, दोन बाजूंना दोन कान जोडले आणि पोटावर अक्षरं कोरली: 'उपविजेता संघ'. दुकानात माझ्या शेजारी माझ्याहून वीतभर उंच एक कप होता. त्याच्या पोटावर नुसतं 'विजेता'. माझा जन्मापासून एकच ध्यास, कोणीतरी मला डोक्यावर धरून नाचावं. पण दुसऱ्या नंबरच्या कपाला कोणी नाचवत नाही. काखेत मारून घरी नेतात.

मला काखेत मारलं उखाने. एक्याण्णव सालच्या होळीला लिंबायतच्या मैदानात लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कामगारांची कबड्डी झाली, त्यात त्याचा संघ शेवटच्या चढाईत हरला. पण खेळ काय होता! उखा कोपऱ्यावर आणि त्याला लागून वाल्मिक. चढाईला कोणी आला की दोघांचे हात एकमेकांच्या मनगटात अडकायचे, आणि ती साखळी तुटली असं मी एकदाही पाहिलं नाही. वाल्मिक हा उखाचा सख्खा मेहुणा, त्याच्या बायकोचा, सुंदराचा, धाकटा भाऊ.

उधन्याच्या चाळीत दोघांच्या खोल्या लागून होत्या. मध्ये एकच भिंत. उखा लूम चालवायचा, वाल्मिक पलसाण्याच्या रंगाच्या कारखान्यात जायचा. त्याच्या नखांवर दर आठवड्याला वेगळा रंग असायचा. मंडळी नवापूरकडची, ख्रिस्ती. रविवारी उखाच्या खोलीत सतरंजी पसरून उपासना व्हायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी नवापूरहून म्हातारे पाळकबाबा रेल्वेने यायचे, प्रभुभोजन द्यायला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातून रसाचा घोट.

मी त्यात कसा आलो? अपघाताने. एका रविवारी सुंदराने काळ्या मनुकांचा रस उकळून तसाच गरम काचेच्या ग्लासात ओतला, आणि ग्लास तडकला. घरात उरलेले पेले कोणी जेवायला वापरलेले, कोणी दाढीला. सुंदराची नजर फळीवर गेली. मग काय, रस निवेपर्यंत मला चिंचेने घासघास घासलं. अक्षरं जायच्या ऐवजी जास्तच चमकायला लागली. पाळकबाबांनी मला हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, "उपविजेता? चालेल, चालेल. ह्या खोलीत पहिला नंबर प्रभूचा."

नंतर सुंदराने मला आतून कल्हई करून आणली आणि मी कायमचा प्रभुभोजनाचा प्याला झालो.

त्यांची पद्धत अशी. पुरुष एका रांगेत, बायका दुसऱ्या. मला पहिल्याच्या हातात द्यायचं. त्याने घोट घेऊन शेजारच्याला द्यायचं, त्याने त्याच्या शेजारच्याला. देताना शेजाऱ्याकडे बघायचं. एवढंच. मला मात्र वाटायचं, हेच ते, ह्याचसाठी मी जन्मलो. डोक्यावर नाही घेतलं कोणी, पण इतके हात कोणत्या विजेत्याच्या वाट्याला येतात? राठ हात, ओले हात, रंगाने माखलेले हात. वाल्मिककडून मी उखाकडे जायचो, तेव्हा उखा माझा कान न धरता सवयीने वाल्मिकचं मनगटच धरायचा, आणि दोघं हळूच हसायचे.

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला. शहरात प्लेगची बातमी पसरली. चाळीतली माणसं बोचकी बांधून स्टेशनकडे धावत सुटली. नेमका तेव्हाच सुंदराला ताप चढला. मी फळीवरून सगळं पाहत होतो. ती घोंगडीखाली कुडकुडत होती, दिवा चालू होता, आणि उजाडायच्या आधी भिंतीपलीकडे भांडी वाजली, पोरं रडली, आणि कुलूप लागल्याचा आवाज आला. सकाळी उखा मदतीला हाक मारायला गेला, तर वाल्मिकच्या दाराला कुलूप. बायको छाया आणि पोरांना घेऊन तो गावाला निघून गेला होता. न सांगता.

उखाने सुंदराला भाजीच्या हातगाडीवर घालून एकट्याने दवाखान्यात नेलं. प्लेग नव्हताच, हिवताप निघाला. ती बरी झाली. महिन्याभराने वाल्मिक परत आला, पिशवीभर शेंगा घेऊन. उखाने पिशवी उंबऱ्यातच राहू दिली. भांडण म्हणावं तर एक शब्द झाला नाही.

त्यानंतरचं पहिलं प्रभुभोजन. माझी आजही चरफड होते. वाल्मिकने घोट घेतला, उखाकडे मला पुढे केलं, तर उखाचे दोन्ही हात मांडीवर आणि नजर दाराकडे. वाल्मिकने थोडी वाट पाहिली. मग मला सतरंजीवर ठेवलं. उखाने मला तिथून उचललं, घोट घेतला, पुढे दिलं. पाळकबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना काही दिसलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं, आणि सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. प्रार्थनेत डोळे मिटण्याची ही एक सोय असते.

दर महिन्याला तेच. मी हातातून हातात येणार, आणि त्या दोघांच्या मध्ये जमिनीवर टेकणार. शेजारच्या शोभाबाई, मंडळीतल्या वयाने मोठ्या, मनाने चांगल्या. त्यांना हे बघवेना. पण त्यांनी काय करावं? उखाला बोलल्या? वाल्मिकला बोलल्या? नाही. त्यांनी घरून एक लहानसा लाकडी पाट आणला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. म्हणजे प्याला जमिनीवर नको!

आणि माणसांची गंमत बघा. दुसऱ्या वर्षी तो पाट कोणी आठवणीने पुसायला लागलं. तिसऱ्या वर्षी त्यावर पांढरा रुमाल आला. नवीन आलेली माणसं दुसरीकडे कुठे बसली तरी पाट दिसला की मला त्यावर टेकवून मगच पुढे देऊ लागली. मला ओरडावंसं वाटायचं, अरे, ती भक्ती नाही, तो राग आहे! पण कपाला दोन कान असतात, तोंड मोठं असतं, आवाज नसतो.

पुढे पाळकबाबांना प्रवास झेपेना. त्यांनी हे काम चंद्रकांत साहेबांवर सोपवलं. साहेब नगरकडचे, बँकेत बदली होऊन सुरतेत आलेले. माणूस सरळ आणि कळकळीचा. देवाला मान्य होईल अशी उपासना कशी असावी, हा त्यांचा खरा ध्यास. चपला कुठे काढाव्यात, ढोलकी वाजवावी की नुसतं गावं, प्रार्थना गुडघे टेकून की बसून, सगळ्यावर ते बोलायचे आणि मंडळी तावातावाने वाद घालायची. मी फळीवर बसून तगमगायचो. चपलांवर इतकं बोलता, पाटावर कोणीच कसं बोलत नाही?

एकदा त्यांनी माझ्या पोटावरची अक्षरं वाचली. बाबा वाचून हसले होते. साहेबांचा चेहरा पडला. "उखाभाऊ, राग मानू नका, पण देवापुढे दुसऱ्या नंबरचं काही ठेवू नये. आपण चांगल्यातलं चांगलं द्यायला हवं." पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी स्वतःच्या खर्चाने चांदीचा प्याला आणला. काय सुंदर होता! मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी उपदेशात साहेब म्हणाले, "प्याला बदलला, तरी तुमची एक जुनी रीत मी बदलणार नाही. हा पाट. मी पुष्कळ मंडळ्यांत गेलोय, पण असं कुठे पाहिलं नाही. प्याला पुढे देण्याआधी खाली टेकवायचा. देव आपल्यासाठी किती खाली आला, याची ही आठवण. केवढी नम्रता!"

बायकांच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. सुंदरा हसत होती. पदर तोंडावर दाबला तरी थांबेना, आणि हसता हसता ती रडायला लागली.

"साहेब," ती म्हणाली, "तो पाट देवना नही. आमना भांडणना शे."

तिने तोंडावरचा पदर काढला आणि उखा-वाल्मिककडे बोट केलं. 

"माले ताप उना, मी बरी बी व्हयनू. मी जित्ती शे, अन् या दोन्हीजण मन्हं सुतक धरीसन बठेल शेतस. माले कोणी इचारं का, तुना राग शे का म्हनीसन?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ते सारवासारव करतील आणि गीत सुरू करतील. पण त्यांनी वाकून पाट उचलला आणि दारामागे नेऊन उभा केला. चांदीचा प्याला रुमालाने झाकला. "मी चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "आज असंच भोजन झालं तर देव ते घेईल असं मला वाटत नाही. आपण थांबू." आणि ते खाली, रांगेत येऊन बसले.

सगळे थांबले. बाप रे, ते थांबणं! एक पोर रडायला लागलं, छायाने त्याला छातीशी धरलं. उखा दाराकडे बघत होता. मला फळीवरून उडी मारावीशी वाटत होती.

शेवटी वाल्मिक उठला. झाकलेल्या प्याल्याकडे गेला नाही. सरळ फळीपाशी आला आणि त्याने मला उचललं. नखांवर त्या आठवड्याचा जांभळा रंग होता. जागेवर बसून त्याने मला उखासमोर धरलं.

"दाजी, कुलूप लावताना तुमना दिवा चालू दिखना माले. आक्का कन्हत व्हती, ते बी आयकं मी. पोरं लहान व्हतात. मी भ्याई गयथू."

उखाचे हात मांडीवरच. वाल्मिकने मला खाली ठेवलं नाही. हात अवघडला, दुसरा हात खाली लावला, तरी ठेवलं नाही. मी दोघांच्या मध्ये अधांतरी, आणि खाली पाट नाही.

उखाने माझ्यात डोकावून पाहिलं. "रिकामा शे हाऊ," तो म्हणाला.

"हो."

"ऱ्हाऊ दे. आन."

आणि त्याने माझा कान धरला नाही. त्याने वाल्मिकचं मनगट धरलं, कोपऱ्यावर धरायचा तसं, घट्ट. मी दोघांच्या हातांत चेपलो. माझ्या उजव्या कानाजवळ एक पोचा आहे ना, तो त्या दिवसाचा. मला डोक्यावर घेऊन कोणी नाचलं नाही, पण त्या दिवशी मला विजेत्याचा हेवा वाटला नाही.

मग चांदीच्या प्याल्यात रस ओतला गेला आणि प्रभुभोजन झालं. दुपार टळून गेली होती, कोणाला घाई नव्हती.

तेव्हापासून ह्या मंडळीत एक नवीन रीत आहे, आणि तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. आधी मी फिरतो, रिकामा. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघून मला त्याच्या हातात द्यायचं. मी कुठे अडलो तर सगळ्यांनी थांबायचं. मी शेवटपर्यंत पोहोचलो की मगच चांदीचा प्याला. साहेबांची परत बदली झाली, जाताना त्यांनी मला हातात घेऊन पोटावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आता नव्याण्णव साल आहे. वाल्मिक लांब हजीऱ्याला कामाला लागला, पण पहिला रविवार चुकवत नाही. माझी कल्हई उडाली, मुलामा गेला, एक कान हलतो. रिकाम्यानेच फिरायचं असल्यावर कल्हई कशाला?

तुम्ही कुठल्या देवळात बसता, खुर्चीवर की सतरंजीवर, गाता की गप्प राहता, मी विचारत नाही. माझी एकच विनवणी आहे. वर बघण्याआधी एकदा शेजारी बघा. आणि कोणी काही पुढे केलं असेल तर त्याला ते खाली ठेवायला लावू नका.

पण हे तुम्हाला सांगून माझी धाकधूक थोडीच जाणार? ह्याच आठवड्यात नळावर शोभाबाईंचं आणि छायाचं कडाक्याचं वाजलं. हंडे आपटले, नको ते बोलणं झालं. बायकांच्या रांगेत त्या दोघी शेजारी बसतात. म्हणून तर मला चैन नाही.

आत्ताच शोभाबाई दारात येऊन गेल्या. आढ्याकडे बघत म्हणाल्या, "सुंदरा, माझा तो जुना पाट कुठे आहे गं? जरा हवा होता."

सुंदरा त्याच पाटावर बसून भाकरी थापत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"पाट कामात शे, बाई," ती म्हणाली. "उद्या नुसता हात लिसन या."