आईचं माहेरचं आडनाव

ज्ञानदाने आखलेली योजना कागदावर इतकी देखणी होती की अंधेरीच्या मुख्य कचेरीत तिला चक्क टाळ्या मिळाल्या. औषधं बनवणारी मोठी कंपनी, ठिकठिकाणी कारखाने, हजारो माणसं. आणि एकेका माणसाच्या कंपनीत तीन-तीन ओळखी. गेटवर एक नंबर, पगाराला दुसरा, गोदामाच्या संगणकावर तिसराच. नोकरी सोडून गेलेली माणसंसुद्धा संगणकात सुखाने नांदत होती. ज्ञानदाने ठरवलं, एका माणसाची एकच ओळख. एक नाव, एक पासवर्ड आणि त्यावर गेटपासून पगारापर्यंत सगळी दारं उघडतील. पासवर्ड विसरलात, तर संगणक विचारील, आईचं माहेरचं आडनाव काय? खातं उघडताना भरून ठेवलेलं ते आडनाव बरोबर सांगितलंत की नवा पासवर्ड मिळेल. हे आडनाव ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, असं योजनेत ठासून लिहिलं होतं.

असं लिहिणारी बाई वसईत राहत होती, हीच तर गंमत. पण एव्हरशाईन सिटीतल्या चौथ्या मजल्यावरून सांडोरसारखं वसईतलं जुनं, सगळे सगळ्यांना ओळखणारं गाव दिसत नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नावही तिला दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं, माहेर तर लांबच राहिलं.

चाचणीसाठी तिने वसईचाच कारखाना निवडला, घराजवळ म्हणून. २००४ सालचा जानेवारी चालू होता. आठवडा उलटतो न उलटतो तोच भानगड झाली. सांडोरच्या वाडीत केळीचे घड उतरवायला घरी राहिलेल्या एका कामगाराचा रजेचा अर्ज, त्याच्याच नावाने, कारखान्यातल्या संगणकावरून भरलेला निघाला. ज्ञानदाने टाइम ऑफिसातल्या फेबियनला बोलावलं. फेबियनही सांडोरचा, हजेरी बघायचा आणि कोणाच्याही हाकेला धावायचा.

"मीच भरला, मॅडम," फेबियन म्हणाला. चोरी पकडली गेल्याचा मागमूसही चेहऱ्यावर नव्हता. "तो वाडीत, अर्ज कोण भरणार?"

"पण त्याचा पासवर्ड तुम्हाला कसा कळला?"

"तो नव्हताच माहीत. मग तुमच्या संगणकाने विचारलं, आईचं माहेरचं आडनाव. त्याची आई आमच्याच आळीतली, मॅडम! तिच्या भावाच्या लग्नात मी वाढायला होतो. त्यात काय गुपित?"

ज्ञानदाने कपाळावर हात मारून घेतला. खरंच, सांडोरमध्ये कोणाची आई कुठल्या घरातून आली हे जर गुपित असेल, तर केळीला केळी लागतात हेही गुपितच म्हणायला हवं. फेबियन बिचारा आणखी मदत करायच्या मूडमध्ये होता. हा परेरांचा भाचा, तो डाबऱ्यांचा, असं करत त्याने अर्ध्या कारखान्याची आजोळं धडाधड सांगून टाकली.

"एका भालचंद्रचं तेवढं नाही येत मला," शेवटी तो खजील होऊन म्हणाला. "तो पलीकडच्या बोळिंज गावचा पडला ना."

भालचंद्र हा गोदामातला जुना माणूस. त्याचंच एक खातं अजून उघडलेलं नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीत तो संगणकासमोर येऊन बसायचा, नाव, जन्मतारीख सगळं नीट भरायचा आणि त्या प्रश्नापाशी आला की उठून जायचा. तो यंत्राला घाबरतो, अशी ज्ञानदाने आपली समजूत करून घेतली होती. पहिल्या तारखेपासून जुने नंबर बंद होणार होते. ज्याची ओळख संगणकात नाही, त्याला गेट उघडणार नव्हतं. ती तडक गोदामात गेली.

"भालचंद्र, एवढं एकच उत्तर राहिलंय. टाकून द्या ना."

तो खोके रचत होता. हातातला खोका त्याने सावकाश खाली ठेवला.

"मला माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी झालो आणि आई गेली. घरच्यांशी भांडून आली होती म्हणतात. तिच्याकडचं कोणी कधी आलं नाही. वडलांना विचारलं की ते उठून बाहेर जायचे. कोणी म्हणतं डहाणूची, कोणी म्हणतं गुजरातेतली. मी डहाणूला जाऊनसुद्धा आलो."

समजूत काढायला गेलं की माणूस नेमकं नको ते बोलतो, तसं ज्ञानदा बोलली. "मग कुठलंही आडनाव घाला. कोण तपासायला येतंय?"

"आईला खोटं माहेर कसं लावू?" भालचंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं. महिनोन् महिने घासून केलेल्या योजनेत आपण एका माणसाला रोज दुपारी त्याच्या आईच्या जाण्यापाशी नेऊन बसवत होतो, आणि वर त्याला घाबरट ठरवत होतो, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

तिने मुख्य कचेरीतल्या आपल्या साहेबांना, विपुलसरांना, फोन लावला. तो एक प्रश्न काढायचा, ज्याने त्याने आपला प्रश्न आपणच घालायचा, असं तिने सांगितलं. आधी फेबियनचा पराक्रम ऐकवला. विपुलसर हसले, मग म्हणाले, तारीख पुढे जाईल, सगळ्यांना पुन्हा भरावं लागेल, वसई सोडून बाकी ठिकाणी काही अडलंय का? तेव्हा तिने भालचंद्रचंही सांगितलं.

"एका माणसासाठी सगळं बदलायचं?"

"एका माणसाची एक ओळख, असंच लिहिलंय ना आपण, सर? मग त्या एका माणसाला विचारायला नको?"

विपुलसरांनी महिनाभराची मुदत दिली आणि टाळ्या परत घेतल्यासारखा फोन ठेवला.

नवी सोय झाली त्या दिवशी भालचंद्र हात धुऊन आला. ज्ञानदाने त्याला समजावलं, असा प्रश्न घाला ज्याचं उत्तर इथे कोणालाच येणार नाही. त्याने एका बोटाने प्रश्न लिहिला: लहानपणी ताप आला की उशाशी कोण बसायचं? मग उत्तर लिहायला घेतलं. पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटल्या.

"पुसलं गेलं?"

"नाही, तसंच दिसतं. उत्तर कोणालाच दिसत नाही. मलाही नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

तो त्या चांदण्यांकडे बघत राहिला. "शेजारची होती, मॅडम. चर्चला जाणारी. मला अंगावर पाजून वाढवलं तिने. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव लागलं नाही. रेशन कार्डावर नाही. लग्नपत्रिकेत घालू म्हटलं, तर काका भडकले, ती काय आपल्यातली आहे का म्हणून. मांडवात मागच्या खुर्चीवर बसून राहिली. आज पहिल्यांदा तिचं नाव कुठे लिहिलं, तर तेही कोणाला दिसायचं नाही."

आपलं उत्तर कोणालाही सांगू नका, अगदी मलासुद्धा नाही, हे ज्ञानदा गेले कित्येक दिवस कारखानाभर घसा फोडून सांगत होती. तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"मला सांगा," ती म्हणाली.

"मार्था," भालचंद्र म्हणाला. "मी आईच म्हणायचो."