केरबा आणि दुहेरी काचेचं दार

"हातोडा खाली ठेवा, अण्णा! काच फोडू नगा!" केरबा मिस्त्री जिन्यातूनच ओरडला. "म्हातारीच्या अंगावर पडंल समदी!"

शेजारचे विरूपाक्षअण्णा हातोडा उगारून उभे होते. त्यांनी तो उगारलेलाच ठेवला, पण मारला नाही. दारापलीकडे माझी आई होती. आम्ही तिला अव्वा म्हणतो. वय शहाऐंशी, मांडीचं हाड मोडल्यापासून दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. तिचा पलंग दाराला अगदी चिकटून. एप्रिल महिना, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि लाइट जाऊन पाऊण तास झालेला. खोलीचं दार आणि दोन्ही खिडक्या दुहेरी काचेच्या. वारा जायला फट म्हणून नाही. पंखा बंद, एसी बंद. काचेतून अव्वाचा एक हात तेवढा हलताना दिसत होता, आणि तोही आता थांबत थांबत हलत होता.

ही खोली म्हणजे आमची पहिल्या मजल्यावरची जुनी बाल्कनी. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलाने आजीला ऊन-धूळ लागू नये म्हणून ती काचेने बंद करून घेतली. बाहेरून लोखंडी जाळी. दार मात्र बाल्कनीचंच राहिलं, हॉलमध्ये उघडणारं. मूठ वर उचलली की वर-खाली चार ठिकाणी आकडे बसतात, मग किल्ली फिरवायची. दार बसवणाऱ्याने मला हे तीनदा करून दाखवलं होतं. मीही मग येईल त्या पाहुण्याला करून दाखवत असे.

ते बंद कसं झालं हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी मी ते कुणालाच सांगितलं नाही. दोन हजार सोळा साल. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं आणि आमच्या गल्लीत दहा-बारा दिवसांनी टँकर. पाण्याची दोन पिंपं आम्ही अव्वाच्या खोलीत ठेवली होती. कारण घरात तेवढंच एक दार पक्कं होतं, आणि समोरच्यांचं पिंप आदल्याच आठवड्यात कुणीतरी भरदिवसा रिकामं केलं होतं. टँकर आला की मी आणि रुद्राणी, माझी बायको, घागरी घेऊन खाली पळायचो. पळताना मी त्या दाराला किल्ली लावायचो. पिंपांसाठी. आत आई आहे हे मला ठाऊक असायचं, पण जीव पिंपांत असायचा. त्या महिन्यात असं मी पाच-सहा वेळा केलं असेल. त्या दिवशी परत आलो तर किल्ली फिरली, मूठ मात्र नुसतीच गरगर फिरत राहिली. आतले आकडे काही सुटेनात.

ज्यांनी दार बसवलं त्यांना फोन केला. परवा माणूस पाठवतो म्हणाले. मग मी केरबाला फोन केला. खरं तर तो आधीच करायला हवा होता, पण सायकलवरचा मिस्त्री या महागड्या दाराचं काय करणार, असं मला वाटलं. चौतीस वर्षं त्याला ओळखत होतो, तरी वाटलं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा मी कलेक्टर कचेरीत नवा कारकून होतो. जिल्हा नवा, पण इमारत जुनी आणि कपाटं उस्मानाबादहून ट्रकमध्ये घालून आणलेली. अर्ध्या कपाटांच्या किल्ल्या तिकडेच राहिल्या होत्या. दारांना कडी असली तर कोयंडा नाही. तेव्हा चाकूरकडचा एक वीस वर्षांचा मुलगा रोजंदारीवर कामाला आला. बहात्तरच्या दुष्काळात दहाव्या वर्षी त्याने आईबरोबर खडी फोडली होती, शाळा तिथेच सुटली. त्याने पंधरा दिवसांत कचेरीची सगळी कपाटं उघडून दिली. त्याची एक रीत होती. कुलूप निघालं की तो कपाटाकडे पाठ करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बघा साहेब, तुमचं तुम्ही." आत काय आहे ते त्याने कधी पाहिलं नाही. आमच्या हेडक्लार्कच्या कपाटातून फायलींऐवजी पापडाचा डबा निघाला, तेव्हा सगळी कचेरी हसली. तो सोडून.

पुढे मी बढत्या घेत राहिलो आणि तो बिजागऱ्या बसवत राहिला. लाकडाची दारं गेली, लोखंडाची आली, ॲल्युमिनियमची आली. दुहेरी काच आली तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. एका दवाखान्यामागे टाकून दिलेली मोडकी खिडकी तो सायकलला बांधून घरी घेऊन गेला आणि आठवडाभर खोलत-जोडत बसला. मुलगी पंचशीला नांदेडला नर्स आहे, ती सुट्टीला आली की त्याला माहितीपत्रकं वाचून दाखवायची. हे सगळं त्याने मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं. मी "वा, वा" म्हणून विसरून गेलो होतो.

आता तो दारापुढे उकिडवा बसला होता. त्याने मूठ एकदा हलवली, किल्ली एकदा फिरवली. मग माझ्याकडे एक नजर टाकली आणि पिशवीतून पेचकस काढला. दोन पेच काढून त्याने मूठ उपसली. आतल्या बाजूची मूठ पलीकडे खाली पडली. दाराला आरपार एक भोक तयार झालं, करंगळीएवढं. आम्ही सगळे तासभर काचेवर हात आपटून ओरडत होतो आणि त्या काचेतून आवाज म्हणून जात नव्हता. केरबाने भोकाला तोंड लावलं.

"अव्वा, म्या केरबा हाय. मिस्त्री. भिऊ नगा. तोंड हिकडं करा, या भोकाकडं."

मग त्याने कान लावला. बराच वेळ लावला.

"हाव," तो म्हणाला. "हाव, माय. हाव."

"काय म्हणते रे?" मी विचारलं.

"बोलत्यात न्हवं? मंग झालं." तो उठला. "आता काच काढायची."

"फोडायचीच होती तर मघाशीच..." विरूपाक्षअण्णा म्हणाले.

"फोडायची न्हाई, काढायची. हे दार उलटं हाय, अण्णा. ह्याची घरातली बाजू आपल्याकडं हाय. काच धरून ठिवनाऱ्या पट्ट्याबी आपल्याकडंच."

काचेच्या चारी कडांना बोटभर रुंदीची पांढरी पट्टी होती. इतके दिवस मी ती नक्षी समजत होतो. केरबाने उभ्या पट्टीच्या मधोमध पातळ पटाशी घातली आणि लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकलं. पट्टी कमान करून बाहेर आली. मग दुसरी उभी. मग खालची आडवी. त्याचे हात घाईत नव्हते आणि मला त्या हातांचा राग येत होता. "लवकर कर रे, लवकर कर," मी म्हणत होतो. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"चौघं लागतील. वजन लई हाय."

मी, अण्णा, केरबा आणि टँकरचा ड्रायव्हर रामकिशन. तो गलका ऐकून वर आला होता. केरबाने वरची पट्टी काढली, काच आमच्या हातांवर कलली. दोन काचा एकात एक बसवलेल्या, दाराएवढ्या उंच. आम्ही ती तशीच उचलली आणि भिंतीला टेकवली. खोलीतून भट्टीसारखी गरम हवा अंगावर आली. केरबा बाजूला झाला, दाराकडे पाठ करून उभा राहिला.

"जावा अप्पा, आदी तुम्ही," तो मला म्हणाला.

अव्वा घामाने चिंब होती, ओठ पांढरे पडलेले. रुद्राणीने त्याच पिंपातलं पाणी चमच्याने तिच्या तोंडात घातलं. गल्लीतले डॉक्टर आले, सलाइन लावली. म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता. तासाभराने तिने डोळे नीट उघडले आणि पहिलं काय विचारावं? "मन्मथा, टँकर मिळाला का रे?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

संध्याकाळी अहमदपूरहून माझी थोरली बहीण, नीलाअक्का, एसटीने आली. अव्वाला भेटून ती हॉलमध्ये आली ती थेट माझ्यासमोर. केरबा तिथेच काच परत बसवून पट्ट्या ठोकत होता.

"दार कसं काय लागलं रे? आतनं ती उठती व्हय कडी लावायला? का बाहेरनं कुणी कुलूप घातलं?"

रुद्राणी खाली मान घालून बसली. माझ्या खिशात किल्ली होती. मी ती मुठीत धरली.

"कुलपाचा गिअर गेलता, अक्का," केरबा मान वर न करता म्हणाला. "वाऱ्यानं दार लोटलं गेलं अन् आकडे बसले. अशी दारं करत्यात कधी कधी. कुनाचा दोष न्हाई."

अक्काने काचेला दोन शिव्या घातल्या आणि ती अव्वाजवळ जाऊन बसली.

मी केरबाला खाली सोडायला गेलो. कुलूप त्याने काढून पिशवीत टाकलं होतं. जिन्यात मी त्याचा हात धरला.

"केरबा, किल्ली मीच फिरवली होती."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"किल्ली फिरवल्याबिगर कुलपाचा ह्यो दांडा भाईर येत न्हाई, अप्पा. म्या बघितलं तवाच समजलं. अन् अव्वाबी बोलल्या."

"अव्वा? काय बोलली?"

"त्या भोकातनं. तुम्ही इचारत हुता न्हवं, काय म्हनती म्हनून." केरबाने पिशवी जिन्याखालच्या सायकलला अडकवली. "म्हनल्या, पोरानं पान्यासाठी कुलूप लावलंय. म्या मेले तर मेले, पर कुनाला सांगू नगंस, त्याला जल्मभर बोल लागंल. म्या हाव म्हनलो. आता तुम्हालाबी सांगाया नको हुतं, पर तुम्हीच कबूल झालात."

कोंडून घालणाऱ्या मुलाची काळजी करत ती आत श्वास मोजत पडली होती, आणि हा माणूस तिचा शब्द घेऊन पट्ट्या ठोकत होता. मी बत्तीस वर्षं सरकारी कागद सांभाळले, पण एवढी मोठी गोष्ट कुणी माझ्यासाठी सांभाळली नव्हती. मी त्याचा ऋणी आहे, आणि हे ऋण फिटायचं नाही, हे मला तिथेच कळलं.

"दुसरं कुलूप कधी बसवतोस?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"त्या दाराला कुलूप न्हाई बसवत," तो म्हणाला. "कडी बसवतो. आतनं, अव्वाच्या हाताला यील अशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाल आणि नारळ घेतला. निवृत्त कारकुनाला कृतज्ञतेची दुसरी रीत माहीत नसते. स्कूटरवरून केरबाच्या वस्तीत पहिल्यांदाच गेलो. पत्रे घातलेलं घर, रंगवलेलं दार. दाराची मूठ पितळेची, घासून चकचकीत. त्याची बायको नागुबाई बाहेर आली.

"या अप्पा. ते न्हाईत घरी. कॅन घेऊन विहिरीवर गेलेत, चार किलोमीटरवर."

"का? काल टँकर नव्हता का तुमच्याकडे?"

"आलता की." ती सहज बोलत होती, तक्रार नव्हती. "तेच हुते नंबराला, म्या कामावर गेलते. दोन घागरी म्होरं हुत्या निस्त्या. तुमचा फोन आला अन् हे घागरी तिथंच टाकून गेले. टँकर कुनासाठी थांबतो व्हय? आता आठ दिसांनी यील. बसा, पानी आनते."

"नको, नको!" मी म्हणालो.

"असं कसं? शेजारनीनं दिलंय घागरभर. पहिल्यांदा आलाव."

तिने तांब्या आणला. काठोकाठ भरलेला. त्या उन्हाळ्यात लातुरात कलेक्टरच्या घरीसुद्धा पाहुण्याला अर्धा पेला देत असतील. मला आठवलं, त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साली केरबा आमच्याकडे कडी-कोयंडे बसवायला आला की अव्वा त्याच्या ओंजळीत वरून पाणी घालायची, तांब्या लागू न देता. तो उंबऱ्याबाहेर वाकून प्यायचा, आणि मी समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेला असायचो. इतक्या वर्षांत मला त्याची कधी लाज वाटली नव्हती. ती त्या सकाळी वाटली.

मी तांब्याला तोंड लावून सगळं पाणी प्यालो. एक थेंब सांडू दिला नाही.

शाल पिशवीतच राहू दिली. बाहेर येऊन मी रुद्राणीला फोन केला. म्हटलं, दोन पिंपांतलं भरलेलं बाजूला काढ, मी रिक्षा घेऊन येतोय.